जर्मनी: पाच वर्षांच्या मुलाने शेजाऱ्यांच्या गाडीला ओरखडा पाडला. हाफ्टफ्लिश्ट विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) कामाला येईल का?

नेकारकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही स्टुटगार्टला नवीनच आहोत. शनिवारी आमचा पाच वर्षांचा मुलगा इमारतीच्या अंगणात सायकल चालवत होता, मी बाकावर बसून बघत होते. त्याचा तोल गेला आणि हँडल शेजारच्या आजोबांच्या उभ्या गाडीला घासलं. दारावर चांगला हातभर ओरखडा आलाय. आजोबा चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "हाफ्टफ्लिश्ट आहे ना तुमची?" आहे, फॅमिली पॉलिसी आहे. पण यांच्या ऑफिसमधले एक जण सांगतात की मूल सात वर्षांच्या आतलं असेल तर कंपनी पैसे देत नाही. मग ही पॉलिसी घ्यायची तरी कशाला? आजोबांनी आम्हाला पहिल्या दिवसापासून जीव लावलाय. त्यांना भुर्दंड पडू नये. रोख देऊन मोकळं व्हावं का?

वरणफळ
ताई, रोख इतक्यात देऊ नका. मी म्युनिकला विमा दलालाच्या ऑफिसात काम करते आणि लहान मुलांची अशी प्रकरणं आमच्याकडे नेहमी येतात.

इथल्या नागरी कायद्याचं कलम ८२३ सांगतं की निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान केलंत तर भरपाई द्या. रकमेला वरची मर्यादा नाही, राहतं घर आणि पुढचा पगारही त्यात येऊ शकतो. पण कलम ८२८ प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलावर जबाबदारी येतच नाही. आणि कलम ८३२ प्रमाणे आईवडिलांवर येते ती देखरेखीत कसूर झाली असेल तरच. "मुलांसाठी पालक जबाबदार" अशा पाट्या बांधकामांवर दिसतात, त्यावरून सरसकट तसंच असतं असा समज होतो, तो खरा नाही. तुम्ही समोर बसला होतात, अंगण मुलाच्या ओळखीचं, सायकल त्याला येते. यात कसूर दिसत नाही. म्हणजे कायद्याने आजोबांना तुम्ही बहुधा काहीच देणं लागत नाही.

विमा कंपनी कायद्याने जे देणं निघतं तेवढंच देते. जे निघत नाही ते तुमच्या वतीने नाकारते, कोर्टात जावं लागलं तर तो खर्चही करते. पॉलिसीचं हे अर्धं काम लोकांच्या लक्षातच येत नाही. एखाद्याने तुमच्याकडून अवाच्या सवा पैसे मागितले तर हेच अर्धं काम तुम्हाला वाचवतं.

आता आजोबांचं. पॉलिसीच्या कागदांत "डेलिक्टउनफेइगे किंडर" हे शब्द शोधा. बऱ्याच फॅमिली पॉलिसींत हे कलम असतं: मूल जबाबदार नसलं तरी तुमच्या इच्छेनुसार कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई देते. शेजारधर्म टिकावा म्हणूनच ते असतं. कलम असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर काय द्यायचं ते तुमच्या मनावर.

घडलं ते एका आठवड्याच्या आत कळवा. फोटो आणि वर्कशॉपचा अंदाजखर्च जोडा. आणि कळकळीने सांगते, "माझं लक्ष नव्हतं" असं मुद्दाम लिहू नका. पैसे मिळावेत म्हणून असं सुचवणारे भेटतात. ती फसवणूक आहे, आणि तुम्ही तर लक्ष ठेवून होतात.

कोथिंबीरवडी
आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिला हेच लागू होतं का? रहदारीत दहा वर्षांपर्यंत सूट असते असं ऐकलंय.

वरणफळ
ती सूट धावत्या रहदारीसाठी आहे, कारण येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर त्या वयात उमगत नाही. उभ्या गाडीला ती सहसा लागू होत नाही, सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. त्यामुळे तुमच्या मुलीच्या हातून असं झालं तर ती स्वतः जबाबदार ठरू शकते, आणि तिथे साधी फॅमिली पॉलिसीही कामाला येते.

घाटावरचा
थोडी भर. वॉशिंग मशीनची नळी निसटून आमच्या खालच्या घराचं छत भिजलं होतं, ते पैसे हाफ्टफ्लिश्टनेच दिले. मात्र आमची स्वतःची फरशी फुगली ती यात नाही. कारला वेगळा विमा, कुत्र्यालाही वेगळा. भारतातून आईबाबा येतात तेव्हा शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढतो, तो आजारपणाचा असतो. त्यांच्या हातून कुणाचं नुकसान झालं तर पाहुणे तुमच्या पॉलिसीत येतात का, ते आधीच विचारून ठेवा.

वरणफळ
बरोबर. विम्याची रक्कमही बघा. मी १ कोटी युरोंच्या खाली कुणाला सुचवत नाही. ओरखड्यासाठी एवढी रक्कम लागत नाही हो, पण तुमच्या धक्क्याने एखादा सायकलस्वार कायमचा अपंग झाला तर त्याचा जन्मभराचा पगार आणि शुश्रूषा भरून द्यावी लागते.

नेकारकाठ
कलम सापडलं! मर्यादाही पुरेशी दिसतेय. आजोबांना वर्कशॉपचा अंदाजखर्च आणायला सांगितलाय, आज रात्री फॉर्म भरतो. वरणफळताई, खूप आभार.