अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कुठल्या भाषेत असावी यावर वाद चाललाय; कुणी म्हणतं मराठी इथल्यांची मातृभाषा, तर कुणी म्हणतं अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी ठेवली की वाद मिटेल. आमच्या वसईतल्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागाच्या चर्चमध्ये, हे अर्धं-अर्धं करून झालंय. वाचनांना कुणाची हरकत नव्हती, पहिलं मराठीत दुसरं इंग्रजीत, चालून गेलं, अडलं ते प्रवचनावर, कारण फादर आधी मराठीत बोलले आणि मग तेच सगळं परत इंग्रजीत, त्यामुळे मराठीच्या वेळी मुंबईहून आलेले फ्लॅटवाले मोबाईल काढून बसले आणि इंग्रजीच्या वेळी आमच्या आज्जीने शांतपणे पिशवीतून रोझरी (जपमाळ) काढली.

आणि 'मराठी इथल्यांची मातृभाषा' हेही तितकं सरळ नाही. आज्जी घरी कादोडी ही वसईतली बोली बोलते, आणि लहानपणी तिने मिस्सा ऐकली ती लॅटिनमध्ये, मराठी आली ती १९६२-६५ च्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक भाषांना परवानगी दिल्यानंतर. कोकणीवाल्यांचं तर अजून वेगळं, गोव्याच्या मंडळींना रोमी लिपी हवी, मंगळूरच्यांना कन्नड, म्हणजे एक कोकणी गाणं घ्यायचं ठरलं तरी कागद कुठल्या लिपीत छापायचा यावर कॉयरची (चर्चच्या गायकमंडळाची) अख्खी मीटिंग गेली. हल्ली प्रवचन मराठीत आणि शेवटी चार वाक्यं इंग्रजीत असतं. तक्रारी आहेतच, पण निदान मिस्सा वेळेत संपते.