प्रतिसाद: विश्वस्तांचं काम देणग्यांपुरतंच का?

वर एकांनी लिहिलंय, विश्वस्तांनी पैसा उभा करावा, बालगृहाचं रोजचं बघायला अधीक्षक आहेतच. मला हे पटत नाही. मी सहा वर्षं एका बालगृहाची विश्वस्त आहे. पहिली दोन वर्षं आम्ही बैठकीत फक्त ताळेबंद पाहिला. मग एकदा न कळवता जेवणाच्या वेळी गेले. वरण नुसतं पाणी, आणि तक्रारपेटीच्या कुलपाला गंज! किल्ली कुणाकडे, कुणालाच माहीत नाही. आता ती पेटी दर बैठकीत आमच्यासमोरच उघडतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा पूर्ण झालेल्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. तुमच्याकडून बाहेर पडलेली मुलं आज कुठे राहतात, हे बैठकीत कुणी विचारतं का?