गुंठेवारीचं घर आणि महापालिकेची निवडणूक: उमेदवारांना नेमकं काय विचारू?

धायरीची रहिवासी
१५ जानेवारीला मतदान, त्यामुळे गल्लीत रोज एखादं पॅनेल येऊन जातंय. प्रत्येकाचं बोलणं एकच: "ताई, घरं नियमित करून देतो." आमचं घर गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमिनीचे बिनपरवानगी तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवरचं, दोन गुंठ्यांवर. बाबांनी २००६ साली खरेदीखत केलं, सातबाऱ्यावर आमच्याबरोबर आणखी अकरा नावं आहेत. धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. कर पालिकेचा झाला, पाणी अजून टँकरचं. तोही गल्लीत शिरत नाही, तोंडापासून पाइप ओढतो. भावाच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला गेले, तर बँकेने मंजूर नकाशा मागितला. तो कुठून आणू? मला खरंच समजून घ्यायचंय: घर नियमित करणं नगरसेवकाच्या हातात असतं का? नसेल तर त्याच्या हातात असतं तरी काय? प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे म्हणून चार मतं द्यायचीत, ती विचारानेच द्यायचीत.

निवृत्त आरेखक
ताई, नगररचनेच्या कामात माझी हयात गेली म्हणून सांगतो. गुंठेवारीचा कायदा राज्याचा, २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली, म्हणजे तुमचं घर मुदतीत बसतं. प्रस्ताव पालिकेकडे जातो आणि मंजुरीची सही अधिकाऱ्याची असते. नगरसेवक फार तर पाठपुरावा करेल. जागा आरक्षणात (म्हणजे रस्ता, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली), पूररेषेत किंवा सरकारी असेल तर मात्र खरी अडचण.

त्याच्या हातातलं काम वेगळं आहे आणि त्याबद्दल एकही उमेदवार बोलत नाही. प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठे रस्ता, कुठे मैदान हे दाखवणारा शहराचा कच्चा नकाशा, जाहीर झाला की ३० दिवसांत हरकती घ्यायच्या असतात. त्यांची सुनावणी नियोजन समिती घेते. त्या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य, म्हणजे नगरसेवकच बसतात; बाकीचे, जास्तीत जास्त ४, नगररचना संचालक नेमतात. रस्ता कुणाच्या घरावरून न्यायचा आणि कुणाच्या मोकळ्या प्लॉटला वळसा घालायचा, यावर तिथे शिफारस होते. अंतिम मंजुरी सरकारची, पण नकाशावर आलेली रेघ पुसायला वर्षं जातात.

आंबेगावकर
किती वर्षं ते सांगतो. माझ्या चुलत्यांची जागा जुन्या हद्दीत, मैदानाच्या आरक्षणात. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाल्याशिवाय नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची, म्हणजे "जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा" अशी नोटीस देता येत नाही, आणि नोटिशीनंतर पालिकेला आणखी २४ महिने. तोवर मोबदला नाही, बांधकामही नाही. काका दमून गेले.

तरीही "सगळी आरक्षणं उठवा" ही घोषणा मला पटत नाही. आपल्या भागात पोरांना खेळायला मैदान कुठे आहे? पालिकेचा दवाखाना किती लांब आहे? गुंठ्यागुंठ्याने सगळं विकलं गेलं तर या गोष्टी कुठे होणार? उमेदवाराला विचारा, भूसंपादनासाठी अंदाजपत्रकात किती रक्कम धरायला लावणार? पैसे ठेवले तर मालकाला मोबदला मिळेल आणि मैदानही होईल. अंदाजपत्रक मुख्य सभाच, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभाच मंजूर करते, त्यामुळे "सरकारकडे बोट" हे उत्तर इथे चालणार नाही.

उंड्रीची भाडेकरू
आमच्याकडेही बघा कुणीतरी. स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत २०२३ मध्ये परत मिळाली. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. घरमालकाने तो फरक माझ्या भाड्यात घातला. मतदार मीही आहे, पण एकाही पत्रकात भाडेकरू हा शब्द दिसला नाही.

धायरीची रहिवासी
मनापासून आभार. रविवारी उमेदवारांबरोबर बैठक आहे, तिथे दोनच प्रश्न विचारते: हरकतींच्या सुनावणीला आमच्यासोबत उभे राहाल का, आणि भूसंपादनाला व पाण्याच्या लाइनला किती पैसे मागाल. भाडेकरूंचं शेजारच्या वहिनी विचारणार आहेत. आमच्या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे का, हे कसं कळेल?

निवृत्त आरेखक
पालिकेत झोन दाखल्यासाठी अर्ज करा; जागा कोणत्या झोनमध्ये आहे, आरक्षण आहे का, हे त्यावर कळतं. सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा. मोजणी झाली नसेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयात तिचा अर्ज द्या, कारण वेळ तिथेच जातो. रविवारपर्यंत दाखला हातात येणार नाही, पण अर्जाची पोच घेऊन बैठकीला जा.