खरेदी रद्द केली, पण तिच्यासाठी घेतलेल्या कर्जाचे काय? (ब्रिटनमधील कायदा)

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहते आणि येथील ग्राहक कायदा जाणणाऱ्यांकडून मला एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे. एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून मी १,८०० पौंडांचा सोफा मागवला. त्यापैकी २०० पौंड कार्डाने भरले. उरलेल्या १,६०० पौंडांसाठी त्याच संकेतस्थळावर अर्ज केला आणि एका वित्तकंपनीचे ३ वर्षांचे सव्याज कर्ज मंजूर झाले. ती रक्कम माझ्या खात्यात न येता थेट विक्रेत्याकडे गेली. सोफा घरी आल्यावर तो खोलीच्या मानाने फार मोठा असल्याचे लक्षात आले, म्हणून मी १४ दिवसांच्या मुदतीत खरेदी रद्द करत असल्याचे विक्रेत्याला ईमेलने कळवले. त्याने ते मान्य करून गाडी पाठवून सोफा नेण्याचे आश्वासन दिले आहे, मात्र अद्याप कोणी आलेले नाही. वित्तकंपनीचे म्हणणे असे की तिचा करार स्वतंत्र आहे, हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जाईल, आणि मला कर्ज नको असेल तर मी माघारीचा अर्ज भरून द्यावा. तो अर्ज भरणे योग्य ठरेल का? शिवाय सोफ्याचे कापड मी यादीतून निवडले होते. त्यामुळे रद्द करण्याचा माझा हक्क जातो का?

पहिले उत्तर

ताई, तो अर्ज कृपया आत्ता भरू नका. येथे दोन वेगळे हक्क आहेत, दोन्हींची मुदत १४ दिवसांचीच असल्याने त्यांची नेहमी गल्लत होते, आणि वित्तकंपनी आपल्याला जो हक्क वापरायला सांगत आहे तो आपल्या सोयीचा नाही.

कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट, १९७४ मधील कलम ६६ए नुसार कर्जदाराला कोणतेही कारण न देता कर्जकरारातून माघार घेता येते. परंतु या माघारीने फक्त कर्ज संपते, खरेदी जशीच्या तशी राहते. घेतलेली मुद्दल आणि तोवरचे व्याज ३० दिवसांच्या आत परत करण्याची जबाबदारी कर्जदारावर येते. म्हणजे आपण तो अर्ज भरला, तर विक्रेत्याकडून पैसे परत येण्याची वाट पाहत असतानाच १,६०० पौंड आपल्याला स्वतःच्या खिशातून वित्तकंपनीला द्यावे लागतील. ज्याला वस्तू हवी आहे, पण दुसरीकडे स्वस्त कर्ज मिळाले आहे, त्याच्यासाठी ही तरतूद आहे.

आपण वापरलेला हक्क कन्झ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स रेग्युलेशन्स, २०१३ मधला आहे. हे नियम १३ जून २०१४ पासून लागू आहेत. दुकानात न जाता, दुरून केलेल्या खरेदीत वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करता येतो; आणि या हक्काची माहितीच विक्रेत्याने दिली नसेल, तर ही मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत लांबते. आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा आहे तो नियम ३८. मुख्य करार रद्द झाला की त्याला जोडलेले करार, विक्रेत्याशी संधान असलेल्या तिसऱ्या पक्षाचे असले तरी, आपोआप संपुष्टात येतात आणि त्याचा खर्च ग्राहकावर पडत नाही. आपले कर्ज विक्रेत्याच्याच मार्फत आणि याच सोफ्यासाठी मिळालेले असल्याने ते अशा जोडकरारात मोडते. वित्तकंपनीला हे कळवण्याचे कर्तव्यही नियमाने विक्रेत्यावरच टाकलेले आहे. त्यामुळे विक्रेत्याने तसे कळवले आहे का, हे त्याला आजच लेखी विचारा.

परतफेडीच्या मुदतीबाबत एक बारकावा ध्यानात ठेवावा. वस्तू परत पाठवण्याचे काम ग्राहकाकडे असेल, तर ती पोहोचल्यापासून किंवा पाठवल्याचा पुरावा मिळाल्यापासून १४ दिवस मोजतात. परंतु वस्तू स्वतः नेण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली असेल, तर आपण रद्द केल्याचे त्याला कळले त्या दिवसापासूनच ते १४ दिवस सुरू होतात. गाडी यायला उशीर झाला म्हणून पैसे अडवून ठेवता येत नाहीत.

कापडाविषयी: ग्राहकाच्या मापाने किंवा खास सूचनेनुसार बनवलेल्या वस्तूंना हा हक्क लागू नसतो, हे खरे आहे. मात्र विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या ठरावीक पर्यायांमधून एक रंग निवडणे म्हणजे सहसा खास बनावट नव्हे, आणि आपल्या विक्रेत्याने तर रद्द करणे मान्यही केले आहे.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटले. माझ्या मते बँकेला सांगून डायरेक्ट डेबिट (हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्याची सोय) लगेच बंद करावे. करारच उरला नसेल, तर हप्ता कशासाठी द्यायचा?

तिसरे उत्तर

तत्त्व म्हणून हे बरोबर असले, तरी पत्र न पाठवता हप्ता थांबवण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. वित्तकंपनीच्या संगणकाला फक्त चुकलेला हप्ता दिसतो. तो थकबाकी म्हणून क्रेडिट फाइलवर (आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवर) चढला, की पुढे घराच्या कर्जापर्यंत त्याचा त्रास होतो, आणि ती नोंद पुसून घेताना माणूस थकून जातो.

याच प्रश्नावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा एक निकाल आहे आणि तो प्रत्येक हप्तेधारकाला माहीत असावा असे मला मनापासून वाटते. ॲबर्डीनमधील एका ग्राहकाने डिसेंबर १९९८ मध्ये १,४९९ पौंडांचा लॅपटॉप घेतला. ५० पौंड रोख दिले आणि उरलेल्या रकमेसाठी दुकानातच कर्जकरारावर सही केली. त्यात मोडेम आहे की नाही हे दुकानात खात्रीने सांगता आले नव्हते, पण नसल्यास लॅपटॉप परत आणता येईल असे ठरले होते. मोडेम निघाला नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याने लॅपटॉप परत नेला. तरीही कर्ज देणाऱ्या बँकेने हप्ते मागितले आणि तो थकबाकीदार असल्याची नोंद केली. न्यायालयाने असे ठरवले की विशिष्ट खरेदीलाच बांधलेल्या कर्जकरारात, ती खरेदी कायदेशीरपणे मोडली गेल्यास कर्जकरारही मोडता येतो, हे मुळातच गृहीत असते. आणि ग्राहकाने करार मोडल्याचे कळवल्यानंतर त्याच्या म्हणण्याची वाजवी चौकशी न करता, लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या संस्थांकडे थकबाकी नोंदवणे हा बँकेचा निष्काळजीपणा आहे. त्याला ८,००० पौंड भरपाई मिळाली. पण हे सारे व्हायला १५ वर्षांहून अधिक काळ गेला.

म्हणून, ताई, आधी वित्तकंपनीला पत्र द्या. खरेदी कोणत्या तारखेला व कोणत्या नियमाखाली रद्द केली ते लिहा, विक्रेत्याचा मान्यतेचा ईमेल जोडा, नियम ३८ चा उल्लेख करा, आणि वादाचा निर्णय होईपर्यंत हप्ता थांबवावा व थकबाकी नोंदवू नये, अशी स्पष्ट मागणी करा. पत्र ‘तक्रार’ या शब्दानेच सुरू करा. हप्ता दोन-चार दिवसांवर आला असेल आणि उत्तर मिळाले नसेल, तर तो निषेध नोंदवून भरणे व नंतर परत मागणे हे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. अर्ज न भरता आज दोन्ही पत्रे पाठवते. माझ्या मोठ्या दिरांनी अशाच कर्जावर दुकानात प्रत्यक्ष जाऊन धुलाईयंत्र घेतले आहे आणि ते पहिल्या आठवड्यातच बंद पडले. त्यांनाही हेच नियम लागू होतील का?

चौथे उत्तर

नाही, त्यांचा मार्ग वेगळा आहे. दुकानात पाहून घेतलेली वस्तू केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क नसतो. पण वस्तू सदोष असल्यास कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, २०१५ नुसार ३० दिवसांच्या आत ती नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. ही मुदत उलटल्यावर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदली वस्तू देण्याची एक संधी द्यावी लागते. म्हणून आपल्या दिरांनी दुरुस्तीच्या आश्वासनावर न थांबता, आपण यंत्र नाकारत आहोत असे स्पष्ट शब्दांत कळवावे.

कर्जाच्या बाजूने त्यांना १९७४ च्या कायद्यातील कलम ७५ चा आधार आहे. वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर विक्रेत्याच्या करारभंगाला किंवा खोट्या माहितीला वित्तकंपनीही तितकीच जबाबदार असते. ‘आधी दुकानाकडे जा’ असे तिला म्हणता येत नाही, आणि दुकान बुडाले तरी तिची जबाबदारी संपत नाही. किंमत ३०,००० पौंडांच्या वर असेल तर कलम ७५ए लागते, मात्र तेथे आधी विक्रेत्याकडे प्रयत्न करावे लागतात.

दोन गोष्टी करारावर तपासाव्यात. तो ‘हायर परचेस’ (भाडेखरेदी) असेल, तर वस्तूची मालकी वित्तकंपनीकडेच असते आणि सदोष मालाबद्दलची मागणी थेट तिच्याकडे करावी लागते. बिनव्याजी आणि १२ महिन्यांच्या आत १२ किंवा कमी हप्त्यांत फेडायच्या करारांना मात्र कलम ७५ चे संरक्षण दीर्घकाळ मिळालेले नाही. त्यामुळे करार ‘रेग्युलेटेड’ (म्हणजे १९७४ च्या कायद्याखाली येणारा) आहे असे त्यावर छापले आहे का, हे पाहावे.

आपल्या दोघांच्याही तक्रारीला वित्तकंपनीने ८ आठवड्यांत अंतिम उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे (वित्तकंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे) विनामूल्य दाद मागता येते. अंतिम उत्तर मिळाल्यापासून त्यासाठी ६ महिने असतात, तेव्हा त्या पत्राची तारीख जपून ठेवावी.