फोनची कंपनी बदलल्यावर काय काय अडलं? अनुभव सांगा

पाटीवरचा (धागाकर्ता)

नवा फोन घ्यायचा म्हटलं की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि बॅटरी किती एमएएचची हे सांगणारे ढिगाने भेटतात. कंपनी बदलल्यावर पहिल्या महिन्यात बोट कुठे अडखळतं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते इथे लिहा. कुठून कुठे गेलात, का गेलात, काय जमलं, कशाशी अजून भांडण चालू आहे. 'वीस हजारांत कुठला घेऊ' हे इथे विचारू नका. आणि फोन बिघडला असेल, सर्व्हिस सेंटरने छळलं असेल तर कंपनीचं नाव न घेता लिहा. नाव आलं की पुढचे सगळे प्रतिसाद भक्त आणि वैरी यांच्या हाणामारीत जातात.

सुरुवात मी करतो. आतापर्यंत दोन-तीन कंपन्यांचे फोन झाले, पण सगळे अँड्रॉइडच. घर बदललं तरी गल्ली तीच होती. गेल्या दिवाळीत आयफोन घेतला आणि गल्लीच बदलली. अँड्रॉइडवर स्क्रीनच्या दोन्ही कडांवरून बोट सरकवलं की मागे जाता येतं. इथे फक्त डावीकडून, तेही काही ॲपमध्ये नाही. तिथे वरच्या कोपऱ्यातला बाण शोधायचा. फोन उजव्या हातात, अंगठा छोटा. बाकी तुम्ही समजून घ्या.

व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गप्पा मात्र सगळ्या आल्या. 2022 पासून 'मूव्ह टू आयओएस' या ॲपने त्या आणता येतात, पण नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच. आधी फोन सुरू करू, वॉलपेपर बदलू, गप्पा नंतर निवांत आणू असं म्हणालात तर फोन पुसून पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, भाचीच्या प्रवेश अर्जाला फोटो चढवायचा होता आणि साइट काही केल्या तो घेईना. आयफोन 2017 पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो आणि बऱ्याच साइटना जेपीजी लागतो. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' करा. हे विकणाऱ्याने सांगायला काय हरकत होती?

बारीकपिन

तुम्ही सगळे टचच्या जमान्यातले दिसता. आमच्या काळी घरात दुसऱ्या कंपनीचा फोन येणं ही बातमी असायची. 2003 साली आलेला नोकिया 1100 आमच्याकडे आधी मला, मग हिला, मग धाकट्या भावाला. त्याला टॉर्च होती, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत बोलण्यापेक्षा टॉर्चच जास्त वापरली गेली. शिवाय मॉडेल बदललं तरी मेनू साधारण तोच. अलार्म कुठे, मेसेज कुठे, बोटांना पाठ. मीटिंगमध्ये टेबलाखाली न बघता अख्खा मेसेज लिहून व्हायचा.

मग ऑफिसने वेगळं सिम दिलं. दोन सिमचे फोन आणायला नोकियाने वेळ लावला, तोवर मायक्रोमॅक्सने ते घरोघरी पोहोचवले होते. मीही घेतला. अडचण आली ती चार्जरची! कुणाकडेही पाहुणा म्हणून गेलं की 'बारीक पिन आहे का' विचारायचं आणि ती मिळायचीच. नव्या फोनची पिन कुणाकडेच नसायची. आता सी पिनमुळे ते दिवस परत आलेत. आयफोनही 2023 मध्ये पंधराव्या मालिकेपासून सी पिनवर आला, त्यामुळे सूनबाई माझा चार्जर पळवतात.

टाइलवेडा

माझा फोन बिघडला नव्हता, त्याची जातच संपली. नोकियाचा लुमिया होता, विंडोज फोनवर चालणारा. नोकियाचा फोनचा धंदा 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, पुढे विंडोज फोनच मागे पडत गेला. आधी बँकेचं ॲप गेलं, मग 31 डिसेंबर 2019 नंतर व्हॉट्सॲप. फोन धडधाकट, काचेवर साधा ओरखडा नाही, आणि वापरायचा कशाला हा प्रश्न. नाइलाजाने अँड्रॉइडवर आलो. सगळं आहे, पण लुमियाच्या पडद्यावरच्या त्या मोठाल्या चौकोनांत ॲप न उघडता दिसायचं: मेल किती, उद्या पाऊस आहे का, पुढची भेट कधी. इथे विजेट लावून पाहिले. ती मजा नाही. जुना फोन अजून गजराला वापरतो.

काउंटरपलीकडून

तालुक्याच्या गावी मोबाइलचं दुकान आहे. वाचतोय तर राहवलं नाही.

कंपनी बदलली की लोकांना वाटतं नव्या फोनची अडचण येणार. अडचण येते ती जुन्याची. गिऱ्हाईक नवा फोन घेतं, जुना पोराला देतं. पोरगं लगेच रिसेट मारतं. फोन चालू होतो आणि म्हणतो, आधीचं गुगल खातं टाका. अँड्रॉइडला हे कुलूप 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून आहे. चोरीचा फोन पुसून विकता येऊ नये म्हणून. चांगलीच गोष्ट आहे. पण ते खातं कुणाचं? तर फोन घेतला त्या दिवशी कुठल्यातरी दुकानदाराने घाईत काढून दिलेलं. पासवर्ड मालकाला माहीत नाही. विसरला तर कोड ज्या नंबरवर येणार, ते सिम कधीच बंद पडलेलं.

मी विचारतो, मेल कुठला? 'आम्ही मेल नाही वापरत.' अहो, तुमचे सगळे नंबर त्या मेलातच आहेत! नसतील तर आणखी वाईट. नंबर तीन ठिकाणी असतात: सिमवर, फोनमध्ये, नाहीतर खात्यात. सिमवर साधारण अडीचशे मावतात आणि लांब नाव कापलं जातं. देवनागरीत लिहिलं असेल तर आणखी लवकर. 'ट्रॅक्टरवाले अण्णा शिरूर' यांचं 'ट्रॅक्टरवाले अ' होतं. असे तीन-चार 'ट्रॅक्टरवाले अ' घेऊन एक काका माझ्यासमोर बसले होते, कोणता कुठला ते आठवत. एकेकाला मिस कॉल देऊन लावला छडा.

आता मी फोन विकताना खातं गिऱ्हाइकाच्या हातानेच काढायला लावतो. पासवर्ड कागदावर त्याच्याच अक्षरात. कागद आधार कार्ड ठेवता त्या पिशवीत ठेवा म्हणतो. शहरातले हुशार लोक म्हणतील पासवर्ड कागदावर लिहू नये. त्यांनी एक दिवस माझ्या काउंटरवर बसावं.

आणि नवीन कंपनीचा फोन नेलेलं गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं. तक्रार बहुतेक वेळा एकच: फोन वाजतो, पण उचलता येत नाही.

उंबरठा

काउंटरवाल्या दादांना अनुमोदन. आमच्या सासूबाईंचं हेच झालं. जुन्या फोनवर हिरवं बटण आडवं सरकवायचं, नव्यावर खालून वर. आणि फोन हातात चालू असताना कॉल आला तर वर बारीकशी पट्टी, तिथे नुसतं बोट टेकवायचं. एकाच फोनवर दोन रीती! त्या बिचाऱ्या हिरव्यावर बोट दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, 'अगं, हा ऐकतच नाही.' तिकडे नणंदबाईंना वाटायचं की आई मुद्दाम उचलत नाही. त्यावरून घरात काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवा फोन सॅमसंगचा आहे. त्यात कॉलच्या सेटिंग्जमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायची सोय सापडली. ती चालू केली आणि त्या बटणावर लाल टिकली चिकटवली. आता एका वाजण्यात उचलतात. जाहिरातवाल्यांचेसुद्धा.

गटनंबर

आमी बटणाचा फोन सोडला तो काय कॅमेऱ्यापायी नाही. 2021 च्या 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली, पिकाची नोंद शेतकऱ्यानं सोताच ॲपवर करायची. पयला टचचा फोन स्वस्तातला घेतला. कंपनीचं नाव नाही घेत. वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो, अन् त्या फोनाला लोकेशन धरता धरता दुपार व्हायची. मी माझ्या कपाशीत उभा, फोन म्हणतो शेजाऱ्याच्या गटात हायेस. बरं, आमचं अन् शेजाऱ्याचं बांधावरून आधीच जमत नाही.

दुसऱ्या बारीला कंपनी बदलली तव्हा दुकानातून फोन बाहेर नेला, भर उन्हात रस्त्यावर. दुकानदार मागं मागं. उन्हात स्क्रीन दिसते का, नकाशावर आपला ठिपका किती वेळात बसतो, येवढं दोनच बघितलं. रॅम-बिम त्यो सांगत व्हता, ऐकून घेतलं. ह्यो फोन चांगला चाललाय. फक्त बोटाचा ठसा घेत नाही. घेईल कसा, बोटाला भेगा. आकडे टाकूनच उघडतो. ठशाच्या नावानं जास्तीचे पैसे मागितले तर आमच्यासारख्यानं देऊ नये.

घाटाखालची

वडील देवगडला, मी न्यू जर्सीत. बाबांसाठी इथून आयफोन 14 नेला. 2022 च्या चौदाव्या मालिकेपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची फटच नसते, सगळं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम. बाबांनी जुन्या फोनमधलं सिम काढून चिमटीत धरलं, फोन चारी बाजूंनी फिरवला आणि विचारलं, "गो, सिम घालूचा खंय?"

दुकानात जाऊन, ओळखपत्र देऊन, ई-सिम झालं. ते चालू झाल्यावर चिमटीतलं सिम निकामी. खरी पंचाईत नंतर कळली. बाबांची पद्धत अशी की बॅटरी संपली, लाइट नाही, की सिम काढून बटणाच्या फोनात टाकायचं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा हाच आधार. ई-सिम असं काढता येत नाही. शेवटी बटणाच्या फोनासाठी वेगळा नंबर घेतला आणि तो सगळ्या वाडीला कळवला. परदेशातून फोन नेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा: फोन तिथल्या कंपनीला बांधलेला नाही ना, आणि सिमची फट आहे का. कॅमेऱ्यावर बाबा मात्र खूश आहेत. आंब्याच्या मोहोराचे इतके फोटो येतात की माझ्या फोनची जागा भरते.

कानांवर भिस्त

मी दृष्टिहीन आहे. नोकियाच्या सिम्बियन फोनवर टॉक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो, ते पडद्यावरचं वाचून दाखवायचं आणि बटणं बोटाला लागायची. सपाट काचेचा फोन आपल्याला कसा चालणार असं आम्हा मित्रांना वाटलं होतं. 2009 मध्ये आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आलं आणि ते चालतं हे कळलं: बोट फिरवा, खाली काय आहे ते ऐका, हवं असेल तर दोनदा टकटक. मी काही वर्षं आयफोन वापरून मग अँड्रॉइड घेतला, किमतीमुळे.

डोळस माणसाला अशा बदलात चित्रं वेगळी दिसत असतील. आम्हाला हातवारे बदलतात. व्हॉइसओव्हरमध्ये दोन बोटं चकतीसारखी फिरवली की वाचायची पद्धत बदलते, अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये त्यासाठी खुणा निराळ्या. कित्येक दिवस मी काचेवर दोन बोटं फिरवत होतो आणि फोन ढिम्म. फायदाही झाला. गुगलचा मराठी आवाज लावला आणि मराठी मजकूर मराठीसारखा ऐकू येऊ लागला.

दुकानात नवा अँड्रॉइड हातात आला की मी आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरतो. फोन बोलू लागला तर पुढची बोलणी.

ळ_बाळाचा

माझी कसोटी छोटी. नवा फोन आला की 'वाऱ्यावर', 'ॲप', 'बाळ' हे तीन शब्द लिहून बघते. ज्या कंपनीचा कीबोर्ड यात धापा टाकतो तो काढून गुगलचा जीबोर्ड टाकते. आई मात्र आयआयटी मुंबईने केलेल्या स्वरचक्र कीबोर्डची भक्त. अक्षरावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी उमलते, ते तिला फार आवडलं.

सुट्टे नाहीत

किराणा दुकान. फोन बदलला की यूपीआय नव्याने जोडायचं. त्यासाठी आपल्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो. तो जात नव्हता. ॲप, नेट, फोन सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. पोरगा म्हणाला, पप्पा, सिमवर एसएमएसपुरता बॅलन्स आहे का? नव्हता. दोन सिमवाल्यांनी बँकेला जोडलेलंच सिम निवडायचं हेही लक्षात ठेवा. आणि नव्या फोनवर सुरुवातीला थोडीच रक्कम पाठवता येते, त्यामुळे व्यापाऱ्याला मोठं पेमेंट द्यायच्या दिवशी फोन बदलू नका.

नावात_काय

मी नाव घेत नाहीये, पण एका फोनवर कॅल्क्युलेटर उघडला तर कर्जाची जाहिरात. सेटिंग्जमध्ये एकेक बंद करत गेलो, अपडेट आलं की पुन्हा हजर. आता कंपनी बदलली. फोन थोडा हळू आहे, शांत आहे.

उद्या_एक्स्चेंज

सगळं वाचलं. उद्याच जुना फोन एक्स्चेंजला द्यायचाय. काउंटरवाले दादा, देण्याआधी नेमकं काय करू?

काउंटरपलीकडून

आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप, आणि तो नव्या फोनवर उतरला हे डोळ्यांनी बघा. मग यूपीआय नव्यावर चालू करा. मग जुन्या फोनच्या सेटिंग्जमधून गुगल खातं काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा. रिसेट त्यानंतर. मेमरी कार्ड आणि सिम काढायचं लोक विसरतात. जुन्या फोनचं बिल फेकू नका, नव्याचं तर मुळीच नको. त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर असतो, आणि फोन चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करायला तोच नंबर मागतात.