झेनमध्ये एस्टीमचं १३०० इंजिन टाकावं का? (ठाणे)

कोलशेतची_झेन
नमस्कार. गाडी १९९८ ची मारुती झेन, कार्बोरेटरवाली, एमएच-०४. बाबांनी नवी घेतलेली, आता मी वापरते. पत्रा शाबूत आहे, खालून गंज नाही, सस्पेन्शनचं काम गेल्या वर्षी पूर्ण केलं. अडचण पिकअपची. एकटी असले तर ठीक, पण चार माणसं आणि एसी म्हटलं की गायमुखच्या चढावरसुद्धा दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. नाशिकला जाताना कसारा घाट एसी बंद करूनच चढायचा.

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं, मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन टाका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतं, आठवड्यात गाडी देतो, कागदांचं काही बघावं लागत नाही. हे शेवटचं मला खटकलं. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगते. कोणी हे काम केलंय का? खरंच सरळ बसतं?

रबाळे_१३००
बसतं. दोन्ही सुझुकीच्या जी सिरीजची इंजिनं. झेनचं ९९३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६१ मिमी. एस्टीमचं १२९८ सीसी, ७४ आणि ७५.५. स्ट्रोक केवढा वाढला बघा, खालचा ओढा तिथूनच येतो. कार्बोरेटरची झेन साधारण ५० हॉर्सपॉवर, एमपीएफआय एस्टीम ८५. मित्राची अशी गाडी मी पामबीचवर चालवली आहे, तिसऱ्या गिअरला नुसता पाय ठेवला तरी उचलते. माझं मत विचाराल तर करून टाका.

कोपरखैरणे_गॅरेज
ताई, दादा म्हणतात ते खरं आहे, इंजिन बसतं. पण पुढचं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

तुमच्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनावर आहे, मेकॅनिकल. एमपीएफआयला टाकीत इलेक्ट्रिक पंप लागतो, जास्त प्रेशरची लाइन लागते, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरसकट सगळं वायरिंग लागतं. भंगारातलं वायरिंग बहुतेक वेळा कापलेलंच मिळतं. ते जोडून, टेप गुंडाळून गाडी चालू होते, पहिल्या पावसापर्यंत त्रासही देत नाही. जुलैत माजिवड्याच्या पुलाखाली पाण्यात बंद पडली की कुठला जोड गेला हे शोधायला ज्याने काम केलं तोच माणूस लागतो, आणि तो तोवर दुकान हलवून गेलेला असतो. शिवाय १४५ चे टायर आणि मूळचे ब्रेक ५० हॉर्सपॉवरच्या हिशेबाने दिलेत. गाडी पळते कशी हे सगळे विचारतात, थांबते कशी हे विचारत नाहीत. माझा या कामाला विरोध आहे तो मुख्यतः इथे.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमची गाडी १९९८ ची, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंग. आरटीओत नंबर ताडून बघतात, तिथे एस्टीमचा इंजिन नंबर निघाला तर काय सांगणार? भंगारातलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर आणखी वेगळं प्रकरण. इंजिन खरंच संपलं असेल तर त्याच मॉडेलचं, बिलासकट, आरटीओची परवानगी आधी घेऊन बदला. तो रस्ता सरळ आहे.

पण मला वाटत नाही तुमचं इंजिन संपलंय. चांगली झेन चार माणसं घेऊन गायमुख तिसऱ्यावर चढते. आधी हे बघा:

डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना करंट वाटणारा भाग) कार्बोरेटरकडून एक बारीक नळी येते. ती कार्बोरेटरच्या बाजूने काढा, तोंडाने ओढा आणि टोकाला जीभ लावा. जीभ चिकटून राहिली तर आतला डायफ्राम (पातळ पडदा) चांगला. हवा येत राहिली तर फाटलाय, मग ठिणगीचं टायमिंग पुढे सरकत नाही आणि पिकअप मरतो. पार्ट छोटा, पण याच्यापायी लोक इंजिनं खोलून बसतात.

मुंबईत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर स्वच्छ करणारा डबा) आला. तुमच्या गाडीला असेल तर इतक्या वर्षांत तुंबलेला असू शकतो. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ दाखवणारं मीटर) लावून इंजिन अडीच-तीन हजार आरपीएमवर धरा. काटा हळूहळू खाली येत गेला तर सायलेन्सरची लाइन चोकअप आहे.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. १७० पीएसआयच्या खाली जायला नको, चौघांत फार फरक नको. आकडे इथे टाका.

पनवेल_एमएच४६
इन्शुरन्सचंही बघा. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, हजारपर्यंत एक, हजार ते दीड हजार दुसरा. ९९३ चा हप्ता भरून १२९८ चं इंजिन चालवायचं आणि उद्या अपघात झाला तर कंपनीला हात वर करायला कारणच दिलं.

कोलशेतची_झेन
काका, मनापासून आभार. वागळेवाल्याला नाही म्हणून कळवलं. नळीला जीभ चिकटली, म्हणजे डायफ्राम ठीक. व्हॅक्यूमचा काटाही स्थिर राहिला. कॉम्प्रेशन मात्र १७५, १८०, १२५, १७५. तिसऱ्यात थोडं इंजिन ऑइल टाकून परत बघितलं तर १३० च्या वर जात नाही. इथला मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचं काम) करावं लागेल.

कोपरखैरणे_गॅरेज
हाफ इंजिनला अजिबात हात लावू देऊ नका. ऑइल टाकून आकडा चांगला वाढला असता तर रिंगा गेल्या म्हटलं असतं. तो जवळपास तिथेच राहिला, म्हणजे दाब वरून जातोय, वॉल्व्हमधून. हेडखालचं गॅस्केट फुटलं असतं तर सहसा शेजारच्या सिलिंडरचा आकडाही पडतो, तुमचा पडला नाही.

हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्याआधी, तुमच्या इंजिनाचे टॅपेट हाताने ॲडजस्ट होणारे असतील तर, तिसऱ्याचा टॅपेट गॅप (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) थंड इंजिनावर फीलर गेजने मोजायला सांगा. गॅप संपला असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. तसं असेल तर ॲडजस्ट करून थोडी चालवा आणि परत कॉम्प्रेशन घ्या. तरी आलं नाही तर हेड काढा, वॉल्व्ह लॅप करा (घासून सीटवर नीट बसवा), सीट खराब असेल तर लेथवाल्याकडून करून घ्या, वॉल्व्हचे सील नवे, गॅस्केट नवं. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर तोही त्याच वेळी बदला. जुने वॉल्व्ह फेकू देऊ नका, तिसऱ्याचा एक्झॉस्ट वॉल्व्ह हातात घेऊन त्याची कड जळलीय का ते स्वतः बघा.