नवरात्रात डब्यात मासे, आणि आता भाऊ घरी बंगाली बोलेना

गुजरीतली ताई:
आम्ही बंगाली, बाबा गुजरीत सोन्याचं काम करतात, मी आणि धाकटा भाऊ कोल्हापुरातच वाढलो, मराठी शाळेत. तो आठवीत आहे. नवरात्रात आईनं त्याला डब्यात भात आणि मोहरी वाटून केलेला मासा दिला, आमच्यात पूजेला मासे-मटण चालतं, उलट सणाचं जेवणच ते. पण वर्गात निम्म्या पोरांच्या घरी घट बसलेले, एक तर नऊ दिवस अनवाणी. डबा उघडला आणि मग व्हायचं ते झालं. तेव्हापासून आई बंगालीत विचारते, हा मराठीत उत्तर देतो, मित्रांना घरी आणत नाही, बाबा चिडतात. सरांशी बोलू का?

माजी बाई:
बोला, पण वर्गात उभं करून "आपण सगळे एक" असलं भाषण नको, पोर अजून आकसतं. माझ्या वर्गात शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आलेल्या युपी-बिहारच्या लोकांची पोरं असायची, पालकसभेला तीच दुभाषी, आणि स्वतःचे मार्क बापाला सोयीनं सांगायची 😄 बाकी ललितापंचमीला टेंबलाईला कोहळा फोडतात ना, बंगालातही दुर्गापूजेत बळी म्हणून कोहळा कापतात. भावाला माहितीय का हे?

गांधीनगरवाला:
घरची भाषा तेवढी सुटू देऊ नका. आम्ही सिंधी, आजोबा फाळणीनंतर वळिवड्याच्या कॅम्पात आले. त्याआधी १९४३ ते ४८ तिथं पोलंडचे पाचेक हजार निर्वासित होते, त्यांनी पोरांसाठी पोलिश शाळा चालवल्या. आमच्यात बोलणंच अर्धंमुर्धं राहिलंय, आजोबांच्या वह्या अरबी वळणाच्या लिपीत, घरात एकालाही वाचता येत नाहीत, कुणाकडं किती उधारी राहिली देव जाणे.

रंकाळ्याचा पैलवान:
ताई लै टेन्शन घेऊ नका, आठवीत मी पण बापाशी धड बोलत नव्हतो आणि आम्ही तर इथलेच. दसरा झाला की हीच पोरं तांबड्या-पांढऱ्यावर तुटून पडत्यात. दोघातिघांना रविवारी जेवायला बोलवा, काटे तेवढे काढून द्या, आम्हा मटणवाल्यांना ते झेपत नाहीत.

गुजरीतली ताई:
बाई, आईला विचारलं, म्हणाली हो, कोहळा आणि ऊस पण कापतात. भावाला माहितीच नव्हतं. रविवारचं जमेल, आई तर लगेच तयार. बाबांना कोण समजावणार तेवढं सांगा आता.